आधी नाव बदललं, मग माणसं : रॉक मशीन ते इंडस क्रीड

मुंबईतल्या एका बँडची गोष्ट थोडक्यात सांगायची तर अशी. १९९३ साली त्यांनी आपलं नाव बदललं, पण बँडचा गाभा असलेली माणसं तीच राहिली. पुढे १९९७ साली बँड थांबला. २०१० साली तो परत उभा राहिला तेव्हा नाव तेच होतं, पण बास आणि ड्रम्सवर नवी माणसं होती. मग १९८४ साली 'रॉक मशीन' म्हणून सुरू झालेला आणि आपण 'इंडस क्रीड' म्हणून ओळखतो तो बँड एकच म्हणायचा का? म्हणायचा असेल तर कशाच्या जोरावर?

सर्वांत सोपं उत्तर म्हणजे 'उदय बेनेगलचा आवाज तोच आहे ना, मग बँडही तोच.' जुने चाहते बहुतेक वेळा हेच म्हणतात आणि ते खोटंही नाही. पण त्या उत्तरात बाकीच्यांचा हिशेब लागत नाही. बँडचे स्टुडिओ अल्बम चार : 'रॉक अ‍ॅन रोल रेनेगेड' (१९८८), 'द सेकंड कमिंग' (१९९०), 'इंडस क्रीड' (१९९५) आणि 'इव्हॉल्व्ह' (२०१२). लोकांच्या आठवणीत पहिले दोन जास्त आहेत. माझ्या मते सगळ्यांत चांगला चौथा आहे, आणि तो चांगला होण्यात नंतर आलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे. हे म्हणणं पटवून द्यायचं तर सगळी कारकीर्द पहिल्यापासून ऐकावी लागते.

मी कुठून ऐकतेय तेही सांगते. बँड थांबला त्याच सुमाराचा माझा जन्म. त्यामुळे रंगभवन, कॅसेट, केबलवरचा पहिला एमटीव्ही यातलं काहीच माझ्या आठवणीत नाही. मी हे सगळं भाईंदर लोकलमध्ये, इयरफोनवर, यूट्यूब आणि अ‍ॅपवर मिळेल तसं आणि मिळेल त्या क्रमाने ऐकलं. 'त्या रात्री आम्ही तिथे होतो' हे वाक्य माझ्याकडे नाही. त्याची हळहळ वाटते, पण एक फायदाही होतो : गाणं ऐकताना मला माझं कॉलेज आठवत नाही, फक्त गाणं ऐकू येतं.

दुसऱ्यांची गाणी, आपली गाणी

मुंबईत रॉक १९८४ च्या कितीतरी आधी आलं होतं. सिगारेट कंपनीच्या पैशावर भरणाऱ्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्ड्स आजही संग्राहक शोधत असतात. हॉटेलं, कॉलेजांचे फेस्टिव्हल, जिमखाने इथे बँड वाजत होते. पण त्यातले बहुतेक वाजवायचे ते परदेशी बँडची गाणी. ज्याला आपण आज कव्हर म्हणतो तेच मुख्य काम होतं. बँड चांगला की वाईट हे ठरायचं ते रेकॉर्डवरचा सोलो किती हुबेहूब उतरवला यावर. परदेशी वाद्यं महाग, त्यावर आयात शुल्क जबर, नवीन रेकॉर्ड मिळवायची तर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसला खेटे घालायचे किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाची वाट पाहायची. अशा दिवसांत हुबेहूब वाजवणं हीसुद्धा साधी कामगिरी नव्हती.

पण अशा बँडमध्ये माणूस बदलला तर फारसं बिघडत नाही. सोलो आधीच कुणीतरी लिहून ठेवलेला असतो. एक गिटारवाला गेला, तर तोच सोलो येणारा दुसरा आणायचा. माणूस बदलण्याचा प्रश्न खरा होतो तो बँड स्वतःची गाणी करायला लागल्यावर. तेव्हा बासची ओळ कुठल्या पुस्तकात नसते, ती त्या बासवाल्याच्या बोटांत असते. तो गेला की ओळ राहते, पण ती तशी का सुचली हे सांगणारा माणूस उरत नाही.

रॉक मशीनचीही सुरुवात कव्हर वाजवण्यापासूनच झाली. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर, मार्क सेल्विन बासवर, मार्क मेनेझिस ड्रम्सवर आणि उदय बेनेगल गायला, ही त्या काळातली ओळखीची नावं. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केला आणि धोबी तलावचं रंगभवन हे शहरातल्या रॉकचं घर झालं. झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं हे खुलं नाट्यगृह पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांना बंद झालं. तिथल्या श्रोत्यांना ओळखीची गाणी हवी असत. त्यांच्यासमोर आपलं स्वतःचं, कुणी न ऐकलेलं गाणं लावायचं ही जोखीम होती. रॉक मशीनने ती घेतली आणि तिच्यावर पुढची सगळी वर्षं काढली. या बँडचं ऐतिहासिक महत्त्व मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा इथे जास्त दिसतं.

उसना बंडखोर

महत्त्व मान्य केलं की गाणी चांगली होतीच असं नाही. 'रॉक अ‍ॅन रोल रेनेगेड' आज ऐकला तर पहिल्यांदा जाणवते ती सफाई. बेनेगलचा आवाज वर सहज चढतो, तिनईकरची गिटार चाल सोडत नाही, आणि बालापोरियाचा कीबोर्ड मागची सगळी जागा भरून टाकतो. ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन हार्ड रॉकचं हे व्याकरण त्यांनी पुरतं आत्मसात केलं होतं. वाक्यरचनेत चूक काढता येत नाही.

पण बोलतंय कोण? अल्बमच्या नावातला तो रेनेगेड, तो बंडखोर, कुठला आहे? तो ज्या सिनेमातून आणि ज्या हायवेवरून आला, तो सिनेमा आणि तो हायवे मुंबईत नव्हता. मुंबईत १९८८ साली बंड करण्यासारखं पुष्कळ होतं. गिरण्यांचा संप होऊन काही वर्षंच झाली होती, गिरणगाव डोळ्यांदेखत रिकामा होत होता. रंगभवनापासून गिरणगाव काही फार लांब नाही. पण त्या काळातल्या इंग्रजी रॉकमध्ये ते शहर शिरलं नाही. विशीतल्या पोरांनी गिरणी कामगारांवर गाणी लिहायला हवी होती, असं मी म्हणत नाही. तक्रार एवढीच, की त्या बंडखोराला कुणाचाच राग आलेला नाही. तो फक्त बंडखोरासारखा उभा आहे.

'द सेकंड कमिंग'मध्ये हे बरंच सैल झालं. 'प्रिटी चाइल्ड' हे गाणं आजही टिकून आहे ते त्याच्या चालीमुळे. त्यात ताकद दाखवायची घाई नाही. १९९१ साली स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही भारतात आला आणि ज्या चॅनलची नक्कल करत ही पिढी मोठी झाली, त्याच चॅनलवर मुंबईचा एक बँड दिसायला लागला. १९९३ च्या एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार 'प्रिटी चाइल्ड'ला मिळाला. इतपत आल्यावर कुठलाही मॅनेजर सांगेल की आता नाव अजिबात बदलू नका, लोकांना ते नुकतं पाठ झालंय.

त्यांनी त्याच वर्षी नाव बदललं.

१९९३, १९९५

'रॉक मशीन' हे नाव कुठल्याही शहरातल्या, कुठल्याही देशातल्या बँडचं असू शकतं. ते आपण काय करतो ते सांगतं, आपण कोण आहोत ते सांगत नाही. 'इंडस क्रीड'मध्ये सिंधू नदी आहे, श्रद्धेला लावायचा एक जुना भारदस्त इंग्रजी शब्द आहे, आणि थोडा आवही आहे. मला हे नाव फारसं आवडत नाही. तरीही ते घ्यावंसं वाटलं यात एक कबुली दिसते, की मशीन चांगलं चालत होतं, पण ते आपलं आहे का हा प्रश्न सुटला नव्हता.

नावं बदलण्याचाच तो काळ होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली, मग मार्चमधले बॉम्बस्फोट. या शहरात कोण 'आपलं' आणि कोण 'बाहेरचं' हा प्रश्न तेव्हा रस्त्यावर आला होता. १९९५ साली राज्यात सरकार बदललं आणि बॉम्बे अधिकृतपणे मुंबई झालं. त्याच वर्षी या बँडचा नव्या नावाचा पहिला अल्बम आला. या दोन गोष्टींत कार्यकारण शोधायचं कारण नाही. पण शहराने आणि शहरातल्या एका बँडने माणसं तीच ठेवून नाव बदलणं, आणि नव्या नावात जास्त जुनं, जास्त इथलं काहीतरी शोधणं, हे जवळजवळ शेजारी घडलं. दोन्हीकडे प्रश्न तोच होता : नाव बदललं की आतलं काही बदलतं का?

बँडच्या बाबतीत थोडं बदललं. 'इंडस क्रीड' हा अल्बम आधीच्या दोघांपेक्षा गडद आहे. 'ट्रॅप्ड'सारख्या गाण्यात आधीचा चकचकीतपणा उतरलेला दिसतो. जगभरच तेव्हा हार्ड रॉकची झुलपं कापली गेली होती, सिअ‍ॅटलच्या बँडनी आवाजाला खरखर आणली होती. इंडस क्रीडने ती नक्कल केली नाही. त्यांनी आपल्याच आवाजातला साखरेचा भाग कमी केला. पण हे अर्ध्यावरचं बदलणं आहे. गाणी मोठी झालीत, तालाची चौकट मात्र जुनीच आहे. गायकाला जे म्हणायचंय ते ड्रम्स अजून म्हणत नाहीत.

आणि नेमकं तेव्हाच बाजार फिरला. १९९५ सालीच अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' आला. नव्या संगीत चॅनलना कळलं की प्रेक्षक हिंदीला आहे. रेकॉर्ड कंपन्यांना इंडीपॉप मिळालं. ज्या एमटीव्हीने या बँडला घराघरांत नेलं तोच काही वर्षांत हिंदी झाला. इंग्रजीत स्वतःची गाणी करणाऱ्यांना उभं राहायला जी चिंचोळी पट्टी होती ती आणखी आकसली. १९९७ साली इंडस क्रीड थांबला. बेनेगल आणि जयेश गांधी यांनी 'आल्म्स फॉर शांती' काढला, भारतीय संगीताशी जास्त उघडपणे बोलणारं काम केलं आणि न्यूयॉर्क गाठलं.

रिप्लेसमेंट

बँडमधली माणसं बदलली की रॉकचे चाहते हळवे होतात. 'खरा' लाइनअप कुठला यावर भांडणं होतात. मराठी वाचकाला हे भांडण थोडं परकं वाटायला हवं, कारण आपल्याकडे नाटकामुळे या प्रश्नाची चांगली सवय आहे. त्यासाठी आपण एक इंग्रजी शब्दही मराठी करून टाकलाय : रिप्लेसमेंट. 'नटसम्राट' १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभं केलं, पुढे दत्ता भटांनीही केलं. तुलना झाल्या, पण ते 'नटसम्राट' नाही असं कुणी म्हणालं नाही. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली 'ललितकलादर्श' काढली. १९२१ साली ते गेले. बापूराव पेंढारकरांनी मंडळी चालवली, मग त्यांच्या मुलाने, भालचंद्र पेंढारकरांनी तिला पुन्हा उभं केलं. नाव एक, पिढ्या तीन.

मी राहते तिथे उत्तनच्या बाजूला ख्रिस्ती कोळ्यांच्या गावांत लग्नात ब्रास बँड वाजतो. त्यातला ट्रम्पेटवाला बदलला म्हणून कुणी 'हा तो बँड नाही' म्हणत नाही. मीरा-भाईंदर तरी दुसरं काय आहे? १९८५ साली नगरपरिषद, २००२ साली महानगरपालिका. मिठागरं आणि आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती बाहेरून आलेल्यांचे टॉवर उभे राहिले. माणसं इतकी बदलली आणि वाढली, तरी गाडीत 'भायंदर, भायंदर' अशीच हाक येते.

पण नाटकाचं उदाहरण रॉक बँडला पूर्ण लागू पडत नाही. नाटकाला संहिता असते. नवा नट संहितेला उत्तर देतो. बँडला संहिता नसते. नवा वाजवणारा आला की जुन्या माणसाची नक्कल करायची की गाणंच बदलायचं, हे दरवेळी नव्याने ठरवावं लागतं. यातून सुटायचे दोन-तीन रस्ते दिसतात. एक म्हणजे एकाच माणसाने बँड असणं. इंग्लंडच्या 'द फॉल'मध्ये १९७६ पासून २०१८ पर्यंत साठाहून जास्त माणसं येऊन गेली, मार्क ई. स्मिथ तेवढा कायम. तो वारला आणि बँड संपला. मुंबईतल्या 'डेमॉनिक रेझरेक्शन'चं सातत्यही २००० सालापासून साहिल मखिजा या एका माणसात आहे.

दुसरा रस्ता दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चा. अशीम चक्रवर्ती एकाच वेळी तबला वाजवत आणि गात. २००९ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांच्या जागी दुसरा अशीम शोधण्याऐवजी बँडने त्या जागेचे दोन भाग केले : हिमांशू जोशी गायला लागले, तुहीन चक्रवर्ती तबल्यावर आले. २०१३ साली सुस्मित सेन, ज्यांच्या गिटारवर तो बँड उभा होता, तेही बाहेर पडले आणि निखिल राव आले. इंडियन ओशनची चाल लोकगीतांत, कबिरात, नर्मदेकाठच्या गाण्यांत रुजलेली. म्हणजे त्यांना एका अर्थाने संहिता होती. गाणं वाजवणाऱ्यांपेक्षा मोठं होतं, त्यामुळे वाजवणारे बदलले तरी ते गडगडलं नाही.

इंडस क्रीडकडे यातलं काहीच नव्हतं. एकमेव मालक नाही, पाठीशी लोकपरंपरा नाही, भाषाही अशी की जिला शहरात श्रोते मोजके. २०१० साली परत येताना त्यांच्याकडे होती ती तीन माणसं आणि एक नाव.

तेरा वर्षांनंतरचा ठेका

बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघं जुने. बासवर रुशद मिस्त्री, ड्रम्सवर जय राव कवी. जयेश गांधींची गिटार आता नव्हती. पुनरागमन करणारे बँड बहुतेक वेळा जे करतात ते सोपं होतं : जुनी गाणी घ्यायची, नव्या मुलांना जुन्या ओळी शिकवायच्या, चाळिशीतल्या चाहत्यांसमोर वाजवायच्या. त्यात पैसे आहेत आणि टाळ्याही. त्याऐवजी दोन वर्षांनी 'इव्हॉल्व्ह' आला. सगळी गाणी नवीन. मिक्सिंग केलं टिम पामर यांनी, ज्यांनी पर्ल जॅमच्या 'टेन'चं मिक्सिंग केलं होतं. १९९५ च्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी.

हा अल्बम ऐकताना मी मुद्दाम एक प्रयोग करते, तुम्हीही करून बघा. आवाज आणि गिटारकडे लक्ष द्यायचं नाही, फक्त खालचं ऐकायचं. पहिल्या अल्बममध्ये बास आणि ड्रम्स गाण्याला रस्ता करून देतात. ते चोख वेळेवर येतात आणि गायकाच्या वाटेत येत नाहीत. 'इव्हॉल्व्ह'मध्ये ते वाटेत येतात. 'फायरफ्लाइज' किंवा 'डिझॉल्व्ह' ऐका : ठेका गाण्याला ढकलत नाही, थांबवून ठेवतो. जिथे जुना रॉक मशीन कोरसवर उडी मारला असता तिथे मिस्त्री आणि राव कवी एखाद-दोन मात्रा रोखून धरतात. त्या रोखण्यामुळे बेनेगलला वर चढायची घाई करावी लागत नाही. तोच आवाज, पण त्याला आता काही सिद्ध करायचं नाही. तिनईकरची गिटारही सोलोची वाट बघत बसत नाही, गाण्याच्या कडेकडेने चालते. बालापोरियाचा कीबोर्ड, जो एकेकाळी प्रत्येक फट बुजवायचा, इथे फटी तशाच ठेवतो.

म्हणजे तिघं जुने बदलले ते दोघं नवे आल्यामुळे. माझा मुद्दा हाच आहे. आपण धरून चालतो की बँडची ओळख जुन्या माणसांत असते आणि नवी माणसं ती सांभाळतात. इथे उलटं झालं. 'रेनेगेड'चं ओझं नव्यांच्या डोक्यावर नव्हतं. ऐंशीच्या दशकात हे कसं वाजायचं याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यांनी जुन्यांना त्यांच्याच सवयींतून सोडवलं. १९९३ साली नाव बदलून जे अर्धंच साधलं होतं, ते माणसं बदलल्यावर पूर्ण झालं.

माझ्या कामात हे रोज दिसतं. दहा-बारा वर्षं चाललेल्या सॉफ्टवेअरवर पहिल्या दिवशीचे लोक क्वचितच उरलेले असतात. तरी ते तेच सॉफ्टवेअर असतं. ते जिवंत आहे की नुसतं चालू आहे, हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे : नव्याने आलेल्या माणसाला जुना कोड खोडायची मुभा आहे का? नसेल तर टीम कोड राखत बसते, सगळे घाबरून काठाकाठाने काम करतात आणि एक दिवस कुणालाच आठवत नाही की हे असं का लिहिलं होतं. मुभा असेल तर जुन्या लोकांनाही आपलं जुनं काम नव्याने दिसतं. बँडचं सातत्यही मला असंच वाटतं. ते नावात किंवा आवाजात जेवढं असतं, त्याहून जास्त या मुभेत असतं. इंडस क्रीडच्या जुन्या तिघांनी ती दिली. चाळिशी ओलांडलेल्या, एमटीव्हीचा पुरस्कार घरात असलेल्या माणसांनी ती देणं सोपं नसावं.

'इव्हॉल्व्ह'ने काही गमावलंही. पहिल्या अल्बममध्ये एक पोरकट आनंद आहे, आपण हे करतोय यावरच खूश असलेला. तो इथे नाही. काही ठिकाणी गाणी इतकी विचारपूर्वक बांधलीत की गुणगुणायला हाताशी काही लागत नाही. 'प्रिटी चाइल्ड' एकदा ऐकून डोक्यात राहतं, 'इव्हॉल्व्ह'ला तीन-चार फेऱ्या द्याव्या लागतात. चर्चगेटपर्यंतच्या प्रवासात एवढा वेळ मिळतो, पण प्रत्येकाचा प्रवास तेवढा नसतो.

हे आपलं आहे का?

आता तो प्रश्न, जो मराठीत या बँडबद्दल लिहिताना टाळता येत नाही. मराठी समीक्षेत रॉक मशीन-इंडस क्रीडची नोंद मला क्वचितच सापडते. आपण नाट्यसंगीतावर लिहितो, भावगीतांवर लिहितो, ऑर्केस्ट्रावर आठवणी लिहितो. पण दक्षिण मुंबईतली इंग्रजीत गाणारी मुलं म्हटलं की ते 'त्यांचं' होतं. या अढीला कारण आहे. इंग्रजी हा या शहरात भाषेइतकाच वर्गाचा प्रश्न आहे. रंगभवनाच्या आत कोण होतं आणि बाहेर कोण, हे विचारायलाच हवं.

तरीही ही आडनावं एका दमात वाचा : तिनईकर, बेनेगल, बालापोरिया, गांधी, सेल्विन, मेनेझिस, मिस्त्री, राव कवी. कोकणी, पारशी, गुजराती, ख्रिस्ती. हे लाइनअप मुंबईशिवाय दुसऱ्या कुठल्या शहरात जमलं असतं? १९९३ नंतर या शहराला जे टिकवायला जड गेलं, ते एका बँडने माणसं बदलत बदलत टिकवलं. त्यांची भाषा आपली नसेल, पण वस्ती आपलीच आहे.

माझी तक्रार गाण्यांतल्या शब्दांकडे आहे. चारही अल्बम ऐकले तरी मला त्यात इथला रस्ता, इथला पाऊस, इथली शिवी ऐकू आली नाही. बँडच्या रचनेत मुंबई पुरेपूर आहे, शब्दांत जवळजवळ नाही. ते काम पुढच्या पिढीने केलं, तेही विनोदाच्या आडून. २००३ च्या सुमारास मुंबईत एक मेटल बँड आला, त्याने नाव घेतलं 'भयानक मौत'. 'स्क्राइब'ने आपल्या अल्बमना 'मार्क ऑफ तेजा' आणि 'हेल मोगॅम्बो' अशी नावं दिली. या पोरांना सिंधू नदीपर्यंत जावं लागलं नाही, व्हिडिओवर पाहिलेले हिंदी सिनेमे पुरले. 'रॉक मशीन', मग 'इंडस क्रीड', मग 'भयानक मौत' : ही तीन नावं ओळीने ठेवली तर या शहरातल्या रॉकला स्वतःबद्दल वाटणारा संकोच कसा कमी होत गेला ते दिसतं. पण 'भयानक मौत' हे नाव घ्यायचं धाडस ज्या जमिनीवर झालं, ती जमीन कुणीतरी आधी आपली गाणी वाजवून तयार केली होती.

ऐकायचं असेल तर कालक्रमाने जाऊ नका, कारण तसं गेलात तर पहिल्याच अल्बमवर 'हे जुनं झालं' म्हणून थांबाल. 'इव्हॉल्व्ह'पासून सुरुवात करा. मग १९९५ चा अल्बम, मग 'प्रिटी चाइल्ड', आणि शेवटी 'रेनेगेड'. उलटं गेलं की त्या पहिल्या अल्बममधला उसना बंडखोर हास्यास्पद वाटत नाही. तो विशीतला एक मुलगा वाटतो, ज्याला अजून माहीत नाही की त्याचं नाव बदलणार आहे, त्याच्या शहराचंही, आणि त्याचं खरं गाणं त्याला सापडेल तोवर त्याच्या मागे ड्रम्सवर दुसराच कुणी बसलेला असेल.